जुन्या फोक्सवॅगन कॅम्परच्या आत काय हवं, काय नको: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान जुन्या फोक्सवॅगन कॅम्परच्या, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या व्हॅनच्या, आतल्या मांडणीबद्दल आहे. १९६७ ते १९७९ या काळात जर्मनीत बनलेली, पुढे एकच मोठी बाकदार काच असलेली टी-२ समोर ठेवून बहुतेक उत्तरं लिहिली आहेत. तिच्या आधीची दुभागलेल्या काचेची टी-१ आणि १९७९ नंतरची चौकोनी टी-३ जिथे वेगळी पडते, तिथे तसं सांगितलं आहे. प्रश्न विचारणारे बहुतेक जण ब्रिटनमध्ये किंवा जर्मनीत राहणारे आहेत, म्हणून नियमही तिथलेच दिलेत. भारतातल्यांसाठी शेवटाकडे एक प्रश्न आहे.

गाडी रिकामी आहे. सुरुवात कुठून करू?

झोपण्यापासून. लोक आधी शेगडी, फ्रीज, दिवे यांची यादी करतात आणि मग उरलेल्या जागेत पलंग बसवायला बघतात. नेमकं उलट करा. टी-२ ची एकूण लांबी सुमारे साडेचार मीटर आणि रुंदी जेमतेम १.७ मीटर. त्यातून पुढच्या सीटांची जागा आणि मागे इंजिनावरचा उंचवटा वजा करा. हातात उरते ती एक दुहेरी गादी आणि तिच्या कडेने पाय ठेवण्यापुरती जमीन.

म्हणून तीन गोष्टी कागदावर लिहा: रात्री किती माणसं झोपणार, त्यांची उंची किती आणि वय किती. त्यानंतर धावत्या गाडीत किती जण बसणार ते लिहा, कारण तितके पट्टे लागतील. ओटा, कपाटं, पाणी, वीज हे सगळं याच्या मागून. हा क्रम पाळला की निम्मे वाद आपोआप मिटतात.

गाडीत मूळ फर्निचर आहे, पण जुनाट दिसतं. काढून नवं करू का?

माझं स्पष्ट मत: काढू नका. निदान एक उन्हाळा त्यात राहून बघा.

या गाड्यांच्या आतली मांडणी फोक्सवॅगनने सहसा स्वतः केलेली नसते. जर्मनीत वीडेनब्रुकच्या वेस्टफालिया कारखान्याने १९५१ पासून कॅम्पिंग बॉक्स, म्हणजे गाडीत ठेवायची आणि काढायची मुक्कामाच्या सामानाची पेटी, बनवायला सुरुवात केली आणि पुढे ती या गाडीची जवळजवळ घरचीच सुतार झाली. ब्रिटनमध्ये डेव्हन परगण्यातल्या सिडमथची जे. पी. व्हाइट ही कंपनी डेव्हन नावाने, केंटमधल्या फोकस्टनची मार्टिन वॉल्टर कंपनी डॉर्मोबिल नावाने आणि एसेक्समधली डॅनबरी, असे वेगवेगळे घडवणारे होते. प्रत्येकाची धाटणी निराळी. वेस्टफालियाचं काम पाहिलं की त्यामागे केवढा विचार आहे ते जाणवतं. कपाटाचं दार हँडलने उघडत नाही. गोल बटण आत दाबलं की कडी सुटते आणि बंद असताना काहीही बाहेर डोकावत नाही, कारण अंधारात गुडघा त्यावरच आपटला असता. टेबलाचा एकच पाय खाचेत फिरतो, आणि ते टेबल जेवायला, पत्ते खेळायला आणि रात्री बाजूला सारायला, तिन्हीला पुरतं. पन्नास वर्षं हजारो कुटुंबांनी वापरून पारखलेली ही मांडणी आहे. आपण एका शनिवारी टेप घेऊन बसलो म्हणून तिच्याहून चांगली सुचेल, असं सहसा होत नाही.

शिवाय पूर्ण मूळ फर्निचर असलेली गाडी आता दुर्मिळ होत चालली आहे. गंजलेला पत्रा कापून नवा जोडता येतो, इंजिन बांधून घेता येतं. पण १९७० च्या दशकातला तो पिवळा-हिरवा चौकड्याचा कपडा आणि त्याच छटेचा सनमायका पुन्हा जमवणं फार जिकिरीचं. सनमायका सुटला असेल तर चिकटवा. कडेची पट्टी तुटली असेल तर बदला. गाद्यांचा फोम नक्की बदला, कारण तो आतून भुगा झालेला असतो. पण सांगाडा राहू द्या.

फर्निचर आधीच कुणीतरी उपटून टाकलं असेल किंवा गाडी मुळात मालवाहू असेल, तर मात्र हात मोकळे आहेत. खालची उत्तरं मुख्यतः त्यांच्यासाठी.

माझ्या गाडीत मुळात काय होतं ते कसं ओळखायचं?

टी-२ मध्ये सहसा पुढच्या सीटमागच्या पडदीवर एक छोटी पत्र्याची पट्टी असते. तिला एम-प्लेट म्हणतात. तिच्यावर कोरलेल्या आकड्यांत रंग, आतलं कापड, कारखान्यात बसवलेल्या वस्तू, बनण्याची तारीख आणि गाडी कोणत्या देशात पाठवली हे सगळं असतं. वेस्टफालियाची असेल तर तिची वेगळी पट्टी आणि एसओ ने सुरू होणारा क्रमांक सापडू शकतो; उदाहरणार्थ एसओ-४२ ही टी-१ मधली एक गाजलेली मांडणी. ब्रिटिश घडवणाऱ्यांच्या गाड्यांत कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटपट्टी शोधा. जमिनीवरचं लिनोलियम उचललंत तर बुजवलेली स्क्रूची छिद्रं दिसतात. त्यांच्या रांगेवरून जुना ओटा कुठे होता ते अचूक कळतं.

छप्पर कोणतं बरं? साधं, की वर उघडणारं?

उभं राहायचं असेल तर उघडणारं हवं. दोन दिवसांहून जास्त मुक्काम करणाऱ्यांना उभं राहायची गरज पडतेच, विशेषतः पाऊस लागल्यावर.

डॉर्मोबिलचं छप्पर एका बाजूला बिजागरी असलेलं, पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचं. उघडलं की सुरेख दिसतं आणि आत दोन अरुंद झोळ्या मिळतात. वेस्टफालियाच्या सुरुवातीच्या टी-२ मध्ये बिजागरी पुढे आणि सामानाचा कॅरिअर मागे होता. १९७४ च्या मॉडेलपासून ते उलटलं, कॅरिअर ड्रायव्हरच्या डोक्यावर आला आणि छप्पर पुढून उघडू लागलं. टी-३ मध्ये वर दोन मोठ्या माणसांना झोपता येईल असं फळीचं अंथरूण असतं.

कापड जुनं असेल तर एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा: पावसात आतून कापडाला हात किंवा डोकं टेकवायचं नाही. टेकवलं त्या जागेतून पाणी झिरपायला लागतं. आणि कापड ओलं असताना छप्पर मिटावं लागलंच, तर घरी पोचल्यावर त्याच दिवशी परत उघडून वाळवा. बुरशीचे काळे ठिपके एकदा पडले की जात नाहीत.

साध्या छपराच्या गाडीला नवं उघडणारं छप्पर बसवायचं म्हणजे वरचा पत्रा कापावा लागतो. मजबुतीची चौकट न घालता तो कापला तर गाडीचा ताठपणा जातो. हे काम हौशी माणसाचं नाही.

पलंग कोणता घ्यावा?

या गाड्यांमध्ये सर्वांत चालणारा प्रकार म्हणजे रॉक-अँड-रोल बेड. दिवसा मागची सीट. रात्री खालची कड धरून पुढे ओढायची, पाठ मागे आडवी पडते आणि इंजिनावरच्या गादीशी एकसपाट होते. विकत घेण्याआधी तो स्वतः, एकट्याने, एका हाताने उघडून पाहा. दुसऱ्या हातात झोपलेलं मूल असणार आहे. उघडताना बिजागरीत गादीचं कापड अडकतं का, खालच्या पेटीतलं सामान काढायला अख्खा पलंग उचलावा लागतो का, हे दुकानातच कळतं.

रुंदी दोन प्रकारची मिळते. पूर्ण रुंदीचा पलंग झोपायला छान, पण मग मागे उभं कपाट बसत नाही. तीन-चतुर्थांश रुंदीचा घेतला तर बाजूला कपाट आणि ओटा सलग जातो, दोन माणसं मात्र दाटीने झोपतात. दोघंच फिरणार असाल आणि वर झोपायची सोय नसेल तर पूर्ण रुंदी घ्या. वर झोपता येत असेल तर तीन-चतुर्थांश पुरे. लांबी बहुतेकांची १.८० मीटरच्या आसपास असते. सहा फुटी माणसाने आधी आडवं होऊन बघितलेलं बरं.

गादीसाठी दहा सेंटिमीटरचा घट्ट फोम मागा. मऊ फोम दुकानात बोटाला छान लागतो आणि पहाटे कंबरेखाली फळी टोचते. ब्रिटनमध्ये घरगुती फर्निचरच्या फोमला १९८८ पासून आगीबाबतचे नियम आहेत. त्याच दर्जाचा फोम घ्या आणि जुना मूळ फोम याच कारणासाठीही टाका.

आणखी एक. १९७२ नंतरच्या मोठ्या इंजिनाच्या टी-२ मध्ये मागच्या जमिनीत इंजिनाकडे जायची एक झडप असते. टी-३ मध्ये तर इंजिनापर्यंत पोचायचा मुख्य रस्ताच तो. तिच्यावर कायमचं कपाट ठोकू नका. रस्त्यात गाडी बंद पडली तर मेकॅनिकला ती झडप लागणार, आणि तेव्हा पावसात उभं राहून तुम्हाला तुमचंच सुतारकाम खोलावं लागेल.

लहान मुलं सोबत आहेत. बसण्याचं आणि पट्ट्यांचं काय?

या एका बाबतीत मूळ रूपाचा आग्रह सोडा. जुन्या गाड्यांमध्ये मागे पट्टे नसायचे. ब्रिटनचा नियम असा की गाडीत मुळातच पट्टे नसतील तर तीन वर्षांखालच्या मुलाला तिच्यातून नेताच येत नाही, आणि तीनवरच्या मुलांना फक्त मागे बसवता येतं. नियम परवानगी देतो म्हणून मोठ्या मुलांना पट्ट्याविना बसवावं असं मला अजिबात वाटत नाही.

पुढे तोंड करून बसता येईल असा, ताण देऊन तपासलेला पलंग-सीट घ्या. त्यात पट्टे सीटच्या सांगाड्यालाच जोडलेले असतात आणि सांगाडा जमिनीतून आरपार बोल्टने, खाली जाड पोलादी पट्ट्या देऊन बसवलेला असतो. जमिनीचा पत्रा गंजका असेल तर आधी पत्र्याचं काम. प्लायवूडच्या पेटीला स्क्रूने जोडलेला पट्टा काही कामाचा नाही. आडव्या, खिडकीला पाठ करून बसायच्या बाकावर धावत्या गाडीत कुणालाही बसवू नका.

लहान मुलासाठी झोपायची एक मजेशीर सोय असते: पुढच्या दोन सीटांवर दोन दांड्या टाकून ताणलेली कापडी झोळी. पाच-सहा वर्षांच्या मुलापर्यंत ठीक, त्यापुढे पाय मावत नाहीत.

भारतातून आई-बाबा येतात तेव्हा त्यांनाही न्यायचंय. त्यांना झेपेल का?

दिवसाची सहल उत्तम झेपते. मुक्कामाचं म्हणाल तर खालचा पलंग त्यांना द्या आणि तुम्ही वर किंवा शेजारी तंबूत झोपा. वर चढायला शिडी असो वा नसो, सत्तरीच्या माणसाला रात्री दोनदा उतरवणं बरोबर नाही.

सरकत्या दाराशी जमीन बरीच उंच असते. घडीची मजबूत पायरी ठेवा आणि दाराच्या आतल्या कडेला, पत्र्यात पक्की बसवलेली मूठ लावा. ही मूठ मोजक्या पैशांत होते आणि तिच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचाच होत नाही. डावीकडे स्टिअरिंग असलेली जर्मन गाडी ब्रिटनमध्ये आणली असेल तर आणखी एक लक्षात घ्या: तिचं सरकतं दार उजवीकडे, म्हणजे धावत्या रस्त्याच्या बाजूला उघडतं. वडीलधारी माणसं चढताना-उतरताना एकाने बाहेर उभं राहायचं.

ओट्यावर आपला स्वयंपाक होतो का? कुकर, फोडणी, पोळ्या?

वरण-भात, खिचडी, पोहे, उपमा, बटाट्याची भाजी, चहा: सगळं होतं. दोन बर्नरची छोटी शेगडी आणि शेजारी सिंक, एवढ्यावर चार माणसांचं जेवण निघतं. तीन लिटरचा कुकर पुरतो. पाच लिटरचा घेतलात तर त्याची मूठ दुसऱ्या बर्नरवर येते आणि शेगडी एकच उरते. काचेचं झाकण असलेली शेगडी असेल तर ती पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण मिटू नका, काच तडकते.

फोडणी मात्र बाहेर. खोबरेल किंवा शेंगदाणा तेलाची वाफ थेट वरच्या कापडात जाऊन बसते आणि कापड धुवायला काढणं म्हणजे दिवसभराचं काम. मोहरी-हिंगाचा वास गाद्यांत शिरला की महिनाभर झोपताना येत राहतो. म्हणून दारापाशी लावता येईल असं घडीचं टेबल आणि एक वेगळी सुटी शेगडी ठेवा. ओट्याच्या कडेला बाहेरच्या बाजूने वर उचलता येणारी फळी लावली तर तीच कामाला येते. पोळ्याही तिथेच. खरं म्हणजे गाडीबाहेर, छत्रीखाली तवा ठेवून पोळ्या करताना शेजारच्या तंबूतली माणसं हमखास विचारपूस करायला येतात.

मसाल्याचा डबा घट्ट झाकणाचा असावा आणि त्याचा कप्पा कमरेखाली असावा. वरच्या कप्प्यातली हळद एका वळणावर सांडली की पिवळ्या चौकड्याच्या कापडालाही माफ करत नाही.

सिंकला विजेच्या पंपाऐवजी हातपंप बसवायचा मी नेहमी आग्रह धरतो. बॅटरी संपली तरी पाणी येतं, आणि हाताने ओढावं लागल्यामुळे पाणी जपून वापरलं जातं. दहा-दहा लिटरचे दोन सुटे कॅन ठेवा. एक कायमच्या टाकीपेक्षा ते धुवायला सोपे आणि नळापर्यंत हातात नेता येतात.

फ्रीज घ्यावा का? कोणता?

दोन रात्रींसाठी बर्फाची पेटी पुरते. दूध, दही, भाजी राहते. मूळ गाड्यांपैकी कितीतरींमध्ये हीच पेटी होती.

त्याहून जास्त राहायचं असेल तर दोन पर्याय. जुन्या धाटणीचा तीन प्रकारे चालणारा फ्रीज गॅसवर, गाडीच्या बॅटरीवर आणि घरगुती विजेवर चालतो. तो आवाज करत नाही, पण गाडी सपाट जमिनीवर उभी नसेल तर नीट गार होत नाही. आणि बॅटरीवर इतकी वीज खातो की फक्त गाडी चालू असतानाच लावायचा. त्याला बाहेर धूर सोडायची वाट लागते, म्हणजे पत्र्यात छिद्र. दुसरा कॉम्प्रेसरचा. तो उतारावरही चालतो, बाहेर छिद्र लागत नाही, आणि साधारण दिवसाला ३० ते ४० अँपिअर-तास घेतो. नवी मांडणी करणाऱ्यांनी हाच घ्यावा. मूळ फ्रीज जागेवर असेल आणि चालत असेल तर त्याला हलवू नका.

गॅसबद्दल काय काळजी घ्यावी?

इथे कुठलीच तडजोड नको. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीवर साचतो. म्हणून सिलिंडरची पेटी घट्ट बंद होणारी, आणि तिच्या तळाला थेट गाडीबाहेर जाणारं भोक हवं. ते भोक थंडी लागते म्हणून कुणी चिंध्या कोंबून बंद केलेलं असतं. गाडी विकत घेताना पहिल्यांदा तेच बघा. रबरी नळीवर छापलेली तारीख तपासा. जोडणी परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या.

ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचं थांबतं, प्रोपेन उणे ४२ पर्यंत चालतं. ऑक्टोबरनंतर फिरणार असाल तर प्रोपेन घ्या. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म छपराजवळ नाही, झोपलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला लावा. शेगडी पेटवून गाडी ऊबदार करायची नाही, कितीही थंडी असो. इंजिन मागे आणि पेट्रोलच्या जुन्या नळ्या त्याच्या जवळ, हे या गाड्यांचं खरं दुखणं आहे. नळ्या बदला आणि अग्निशामक हात पोचेल तिथे, दाराशी ठेवा. पलंगाखालच्या पेटीत ठेवलेला अग्निशामक ऐन वेळी मिळत नाही.

वीज किती लागते?

दिवे, फोन आणि कॉम्प्रेसरचा फ्रीज, एवढ्याला १०० अँपिअर-तासांची एक वेगळी बॅटरी पुष्कळ. ती इंजिनाच्या मुख्य बॅटरीपासून वेगळी राहील अशी जोडणी करा, नाहीतर सकाळी गाडी सुरू होणार नाही. टी-२ च्या इंजिनकप्प्यात डाव्या बाजूला दुसऱ्या बॅटरीची जागा असते आणि शिसं-आम्लाची बॅटरी तिथे चालते. लिथियमची ठेवू नका. तिला तिथली उष्णता सोसत नाही. ती पलंगाखाली बसवा, आणि तापमान शून्याखाली असताना चार्ज करू नका. टी-१ असेल तर आधी बघा: १९६६ पर्यंतच्या गाड्या ६ व्होल्टच्या आहेत. प्रत्येक तारेला फ्यूज हवा, बॅटरीच्या अगदी जवळ.

दिवे पिवळट रंगाचे घ्या. पांढरेफेक दिवे त्या जुन्या लाकडावर फार वाईट दिसतात.

फर्निचरला कोणतं लाकूड?

हलकं. या गाडीचं १६०० सीसीचं इंजिन पन्नासेक अश्वशक्तीचं असतं आणि प्रत्येक किलो चढावर जाणवतो. पॉपलरचं हलकं प्लायवूड किंवा बर्च प्लायवूड, वर पातळ सनमायका. एमडीएफ आणि भुश्याच्या फळ्या जड असतात, ओल लागली की फुगतात आणि हादऱ्यांनी स्क्रू सैल होतात. स्वयंपाकघरातलं तयार कपाट कापून बसवण्याचा मोह होईल; टाळा. जड वस्तू खाली आणि दोन चाकांच्या मधे ठेवा. वरचे कप्पे कपडे आणि पांघरुणांसाठी. सगळी कपाटं नट-बोल्टने बसवा, डिंकाने किंवा फोमने चिकटवू नका, कारण पुढे कधीतरी पत्र्याला वेल्डिंग करायचं म्हणून ती बाहेर काढावी लागणारच.

थंडीसाठी भिंतीत काय भरू?

पाणी न शोषणारा, चिकटवता येणारा क्लोज्ड-सेल फोम मोकळ्या पत्र्यावर लावा. स्प्रेचा फोम पोकळ्यांत कधीही मारू नका. दारांच्या आणि खालच्या पोकळ पट्ट्यांच्या तळाला पाणी वाहून जायची छिद्रं असतात. फोमने ती बुजली की पाणी आत राहतं आणि बाहेरून चकाचक दिसणारी गाडी आतून कुजते. रात्री श्वासाची वाफ काचांवर साठते, म्हणून एक खिडकी किंचित उघडी हवीच. झडपांच्या, तिरप्या पट्ट्यांच्या मूळ खिडक्या असतील तर त्या पावसातही उघड्या ठेवता येतात. अशा खिडक्या काढून साधी काच बसवणारे लोक पाहिले की फार वाईट वाटतं.

कापड आणि पडदे?

गादीच्या खोळी चेन लावून काढता येतील अशा शिवून घ्या. पडदे वर आणि खाली दोन्हीकडे स्प्रिंगच्या तारेवर, मागून जाड अस्तर. उन्हाळ्यात स्कॉटलंडमध्ये पहाटे चारलाच उजाडतं, मुलं त्या वेळी उठतात. खणाचं किंवा इरकलीचं कापड लावू का, असं काही जणींनी विचारलं. उशांना जरूर लावा, फार सुंदर दिसतं. पडद्यांना नको; उन्हात रंग उडतो आणि पहिल्या धुण्यात कापड आटतं.

शौचालय?

पलंगाखाली किंवा सीटमागे बसेल असं छोटं सुटं रसायनाचं शौचालय. रात्रीपुरतं. त्याच्यासाठी वेगळी खोली करायचा विचार या आकाराच्या गाडीत करू नका.

आतले बदल केल्याने जुन्या गाडीच्या सवलती जातात का?

ब्रिटनमध्ये ४० वर्षांवरच्या, मोठे फेरफार न झालेल्या गाडीला वार्षिक एमओटी तपासणीतून सूट मिळते. तिथे प्रश्न सांगाडा, अ‍ॅक्सल, इंजिन अशा गोष्टींचा असतो, कपाटांचा नाही. सूट असली तरी तपासणी करून घ्या. जर्मनीत ३० वर्षांवरच्या गाडीला एच-नंबरप्लेट (ऐतिहासिक गाडीची पाटी) मिळते आणि तिथे आतल्या मांडणीकडेही पाहिलं जातं: ती त्या काळाला शोभणारी हवी. चकचकीत पांढरं आधुनिक स्वयंपाकघर बसवलंत तर परीक्षक नाकारू शकतो. काम करण्याआधी त्यालाच भेटून विचारा.

भारतात जुनी व्हॅन घेऊन असं करता येईल?

पुण्यात आकुर्डीला बनलेल्या बजाज टेम्पोच्या मॅटाडोरबद्दल हे बऱ्याचदा विचारतात, आणि आकाराने ती गाडी खरोखर योग्य आहे. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, आणि मोटर कॅरॅव्हॅनसाठी, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीसाठी, एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, तिला व्हीए मालिकेचा क्रमांक मिळतो. मात्र तिच्या सांगाड्यात, बॉडीत किंवा इंजिनात मोठे बदल झालेले चालत नाहीत आणि ती रोजच्या वापराला काढता येत नाही. म्हणून पत्रा न कापता, छप्पर न उघडता, काढ-घाल करता येणारी मांडणी करा: मागे ठेवायची पेटी, तिच्यात शेगडी आणि पाण्याचे कॅन, वर घडीची गादी. वेस्टफालियाने १९५१ मध्ये नेमकं हेच केलं होतं. आरटीओत आधी विचारा, मग सुताराकडे जा.

पैसे थोडे आहेत. कशावर खर्च करू?

पत्रा, पट्टे, गॅस, गादी. या क्रमाने. बाकी सगळं पुढच्या वर्षी.

काही मूळ भाग काढावेच लागले तर त्यांचं काय करू?

काढण्याआधी फोटो घ्या. प्रत्येक तुकड्यामागे पेन्सिलने क्रमांक आणि बाजू लिहा. त्याचे स्क्रू छोट्या पिशवीत भरून त्याच तुकड्याला बांधा. गोल बटणाच्या कड्या, टेबलाचा पाय, झोळीच्या दांड्या आणि सिंकचं झाकण वेगळं सांभाळा. सर्वांत आधी हेच हरवतं आणि शोधायला सर्वांत अवघड. कोरड्या जागी उभं करून ठेवा, आडवं ठेवलं तर फळ्या वाकतात. गाडी विकायची झाली तर हा ढीग तिच्यासोबतच द्या, वेगळा विकू नका.